झाडू धरणारे हात का टिकत नाहीत?

तेलंगणाच्या सीमेवरच्या आमच्या गावात सफाईकामाला माणसं मिळतात, पण टिकत नाहीत. बचत गटाच्या निमित्ताने त्यांच्या वस्तीत गेलं की कारण कळतं. कायम सफाई कामगाराच्या वारसाला लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार नोकरी मिळते. कंत्राटी बाईला मात्र महिन्याचा पगारही वेळेवर नाही. एक जण म्हणाली, "ताई, हैदराबादला बांधकामावर दर शनिवारी पैसे तरी हातात पडतात."

मैत्रिणींनो, नुसती भरती करून काय उपयोग? वेळेवर पगार, भविष्य निर्वाह निधी, हातमोजे हवेतच. आपणही वापरलेलं सॅनिटरी पॅड गुंडाळून द्यावं, असं २०१६ च्या घनकचरा नियमांतच सांगितलं होतं. फुटकी काचही कागदात बांधून द्या. एवढं तर आपल्या हातात आहे ना!