स्पष्टीकरण : समुद्रातील मासे मोजतात कसे आणि ६१ दिवसांची बंदी पुरेशी का नाही?

चेन्नई : दरवर्षी १५ एप्रिल उजाडला की चेन्नईच्या कासिमेडू बंदरातील ट्रॉलर धक्क्याला लागतात. १४ जूनपर्यंत, म्हणजे ६१ दिवस, पूर्व किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना मासेमारीची मनाई असते. पारंपरिक लहान होड्यांना मात्र सूट दिली जाते. या काळात शहरातील बाजाराला केरळसह पश्चिम किनाऱ्यावरून मासळी येते आणि येथे ‘वंजरम’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सुरमईचे दर चढतात. नौकांवरील खलाशी, बर्फवाले, जाळी विणणारे आणि टोपलीतून मासळी विकणाऱ्या स्त्रिया या सर्वांच्या मिळकतीला या दोन महिन्यांत खीळ बसते. ही झळ सोसल्यानंतर समुद्रातील मासे खरोखर वाढतात का, या प्रश्नाचे उत्तर मत्स्यशास्त्राला द्यावे लागते.

बंदी कधीपासून?

तामिळनाडूत ही बंदी २००१ पासून लागू आहे. सुरुवातीला ती ४५ दिवसांची होती. २०१७ पासून ती ६१ दिवसांची झाली. माशांच्या प्रजननाच्या काळात त्यांना उसंत मिळावी, हा तिचा हेतू. पश्चिम किनाऱ्यावर, म्हणजे महाराष्ट्र आणि गोव्यातही, १ जून ते ३१ जुलै या पावसाळी महिन्यांत अशीच बंदी असते. कोकणातील कोळी समाज कायदा येण्याच्या कितीतरी आधीपासून पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवत आला आहे आणि नारळी पौर्णिमेला समुद्राची पूजा करून पुन्हा दर्यात उतरत आला आहे. पूर्व किनाऱ्यावर मात्र बंदी भर उन्हाळ्यात येते. त्या वेळी समुद्र खवळलेला नसतो, त्यामुळे केवळ नियमाखातर घरी बसावे लागते, अशी तेथील मच्छीमारांची भावना असते. तामिळनाडू सरकार या काळासाठी मच्छीमार कुटुंबांना अर्थसाह्य देते. ही रक्कम ५ हजारांवरून ८ हजार रुपये करण्याची घोषणा २०२३ मध्ये झाली.

न दिसणारे मासे मोजायचे कसे?

जंगलातील झाडे मोजता येतात, समुद्रातील मासे मोजता येत नाहीत. म्हणून शास्त्रज्ञ बंदरावर उतरणाऱ्या मासळीवरून साठ्याचा अंदाज बांधतात. हे काम देशपातळीवर केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था (सीएमएफआरआय) करते. १९४७ मध्ये स्थापन झालेली ही संस्था आधी तामिळनाडूतील मंडपम येथे होती. १९७१ पासून तिचे मुख्यालय कोचीत आहे आणि चेन्नईतही तिचे केंद्र आहे.

देशाच्या किनाऱ्यावर मासळी उतरवण्याची बाराशेहून अधिक ठिकाणे आहेत. प्रत्येक ठिकाणी रोज माणूस बसवणे अशक्य असल्याने नमुना पद्धत वापरली जाते. महिन्याचे दहा-दहा दिवसांचे तीन भाग पाडून त्यांतील काही दिवस निवडले जातात आणि त्या दिवशी परतलेल्या नौकांपैकी काही नौकांची मासळी तपासली जाते. कोणत्या जातीची किती मासळी आली, ती कोणत्या जाळ्यात सापडली, नौका किती तास समुद्रात होती, या नोंदींवरून महिन्याचा आणि वर्षाचा आकडा काढला जातो. या पद्धतीनुसार २०२४ मध्ये देशाच्या मुख्य भूमीच्या किनाऱ्यावर ३४.७ लाख टन मासळी उतरली. ७.५४ लाख टनांसह गुजरात पहिला, तर ६.७९ लाख टनांसह तामिळनाडू दुसरा होता.

एकूण वजन मात्र फसवे असू शकते. दहा तास जाळे ओढून मिळणारी मासळी वीस तासांनी मिळू लागली, तर वजन तेवढेच राहूनही साठा घटलेला असतो. म्हणून वजनाला मासेमारीच्या श्रमाने, म्हणजे तासांनी वा फेऱ्यांनी, भागून पाहिले जाते.

दुसरे महत्त्वाचे माप माशाच्या लांबीचे. थंड समुद्रातील माशांच्या कानात असलेल्या बारीक हाडासारख्या खड्यावर झाडाच्या खोडाप्रमाणे दरवर्षी वलय उमटते आणि त्यावरून वय कळते. भारतासारख्या उष्ण प्रदेशात ऋतूंचा फरक तेवढा तीव्र नसल्याने ही वलये अस्पष्ट असतात. म्हणून येथे हजारो माशांची लांबी महिनोन्‌महिने मोजून वाढीचा वेग, वय आणि मृत्यूचे प्रमाण ठरवले जाते. बंदरावर हातात मोजपट्टी घेऊन बसलेला कर्मचारी हा या साऱ्या शास्त्राचा पाया आहे.

मुद्दल आणि व्याज

माशांचा साठा म्हणजे मुद्दल आणि दरवर्षी त्यात पडणारी भर म्हणजे व्याज, असे मानले तर व्यवस्थापनाचे सूत्र सोपे आहे : व्याज खावे, मुद्दलाला हात लावू नये. मुद्दल दोन मार्गांनी खर्ची पडते. पहिला मार्ग म्हणजे मासे पूर्ण वाढण्याआधीच पकडणे. त्यात माशांची संख्या भरपूर दिसते, पण वजन आणि भाव मिळत नाही. दुसरा अधिक गंभीर, अंडी देणारे मासेच इतके कमी करणे, की पुढची पिढीच पुरेशी जन्माला येत नाही. मोठी मादी लहान मादीच्या तुलनेत कितीतरी अधिक अंडी देते, त्यामुळे मोठे मासे संपणे विशेष घातक ठरते.

सीएमएफआरआयने २०२२ मधील स्थितीसाठी विविध भागांतील १३५ साठ्यांचा अभ्यास केला आणि त्यांपैकी ९१.१ टक्के साठे सुस्थितीत असल्याचा निष्कर्ष काढला. ही दिलासा देणारी बाब आहे; पण सरासरीच्या या चित्राआड एखाद्या जातीचे आणि तिच्यावर जगणाऱ्या गावाचे संकट झाकले जाऊ शकते.

तारलीचा धडा

केरळमधील तारलीचे उदाहरण त्यासाठी पुरेसे आहे. २०१२ मध्ये त्या राज्यात ३.९ लाख टन तारली उतरली होती. २०२१ मध्ये हा आकडा अवघ्या ३,२९७ टनांवर आला. त्यानंतर २०२२ मध्ये तो पुन्हा लाख टनांच्या घरात गेला. तारली वेगाने वाढणारी आणि अल्पायुषी असल्याने ती लवकर सावरू शकते. तिच्या घसरणीमागे केवळ जाळी नव्हती. एल निनोमुळे समुद्राच्या स्थितीत झालेले बदल हे मोठे कारण असल्याचे शास्त्रज्ञांनी म्हटले आहे. मात्र निसर्ग प्रतिकूल असताना पिल्लेही पकडली गेली, तर सावरायला काही उरतच नाही. हवामान मच्छीमारांच्या हाती नाही, जाळ्याची वीण आहे.

बंदीने काय साधते, काय नाही?

बंदीच्या काळात तळाजवळच्या माशांना आणि कोळंबीला ट्रॉलरपासून उसंत मिळते, पिल्लांना वाढायला दोन महिने मिळतात आणि समुद्रतळाची ढवळाढवळ थांबते. पण उष्ण कटिबंधातील बहुतेक मासे एकाच हंगामात अंडी देत नाहीत. प्रत्येक जातीचा काळ वेगळा आणि बऱ्याचदा अनेक महिने लांबलेला असतो. त्यामुळे एकाच तारखेची बंदी सर्वांना सारखी लागू पडत नाही. शिवाय बंदी उठताच सर्व नौका एकाच वेळी समुद्रात उतरल्या, तर दोन महिन्यांची कमाई काही आठवड्यांत संपू शकते.

म्हणून बंदीला वर्षभर चालणाऱ्या उपायांची जोड हवी, असे संशोधन सांगते. त्यातील पहिला उपाय किमान आकाराचा. ज्या लांबीला एखाद्या जातीतील निम्मे मासे प्रजननक्षम होतात, तिचा आधार घेऊन पकडण्याची किमान मर्यादा ठरवता येते. केरळने २०१५ मध्ये १४ जातींसाठी अशी मर्यादा घातली आणि नंतर ही यादी ५८ जातींपर्यंत नेली. तेथे तारलीसाठी १० सेंटिमीटर, तर बांगड्यासाठी १४ सेंटिमीटर ही मर्यादा आहे. महाराष्ट्रानेही २०२३ मध्ये ५४ जातींसाठी किमान आकार निश्चित केला. त्याच वर्षी पापलेटला राज्य मासा घोषित करण्यात आले, त्यामागेही सातपाटीसारख्या बंदरांना जाणवणारी त्याची घट होती.

दुसरा उपाय जाळ्याचा. ट्रॉल जाळ्याच्या टोकाच्या पिशवीतील नेहमीची वीण ओढ बसताच मिटते आणि पिल्ले अडकतात. चौकोनी वीण उघडी राहते, पिल्ले निसटतात. हा बदल स्वस्त आहे. मात्र लहान मासळीलाही मत्स्यखाद्य आणि तेलाच्या कारखान्यांकडून मागणी असेपर्यंत तो मनापासून स्वीकारला जाणे कठीण आहे.

नियम कोणासाठी?

तिसरा प्रश्न न्यायाचा. तामिळनाडूने २००० मध्ये पर्ससीन जाळ्यांवर बंदी घातली. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये अंतरिम आदेशाद्वारे १२ सागरी मैलांपलीकडे आठवड्यातून दोन दिवस, सोमवारी आणि गुरुवारी, या जाळ्यांना परवानगी दिली. एकाच फेकीत अख्खा थवा वेढणाऱ्या या जाळ्यांमुळे आपल्या वाट्याला काही उरणार नाही, अशी लहान होडीवाल्यांची भीती आहे. तर कर्ज काढून नौका घेतलेल्यांना पूर्ण बंदी अन्यायकारक वाटते. असाच वाद रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावरही वर्षानुवर्षे सुरू आहे.

मासे राज्यांच्या वा देशांच्या सीमा मानत नाहीत. म्हणूनच भारत, बांगलादेश, श्रीलंका आणि मालदीव यांची ‘बंगालचा उपसागर कार्यक्रम’ ही आंतरसरकारी संघटना चेन्नईतून काम करते. केरळने पिल्ले वाचवायची आणि ती शेजारच्या राज्यात पकडली जायची, असे झाले तर नियम पाळणाराच तोट्यात जातो. किमान आकाराचे नियम सर्व किनारी राज्यांत सारखे असणे आणि ते बंदरावरच तपासले जाणे ही पुढील पायरी आहे. त्यावरच १५ जूनला कासिमेडूतून निघणाऱ्या नौकांची जाळी किती भरतील आणि ती पुढच्या वर्षीही भरतील का, हे बऱ्याच अंशी अवलंबून राहील.