कडेगावहून हज-उमऱ्याला निघताना

मोहरमच्या उंच ताबुतांसाठी ओळखल्या जाणाऱ्या कडेगावातून हज-उमऱ्याला जायचं ठरलं, की कागदपत्रांची धावपळ सुरू होते. लस मात्र शेवटच्या आठवड्यावर ढकलली जाते, आणि तिथंच चुकतं. मेंदूज्वराची चार प्रकारांवरची लस सौदी अरेबियात पोहोचण्याच्या किमान 10 दिवस आधी घ्यावी लागते, कारण शरीराला प्रतिकारशक्ती तयार करायला तेवढा वेळ लागतो. ही सक्ती उगीच नाही. 2000 साली हजहून परतलेल्यांबरोबर डब्ल्यू-135 प्रकारचा मेंदूज्वर अनेक देशांत पोहोचला होता.

ऊन त्याहून घातक. 2024 च्या हजमध्ये पारा 50 अंशांपुढे गेला आणि 1300 हून अधिक माणसं दगावली. आपल्याकडचे बहुतेक यात्रेकरू उतारवयातले. मधुमेह असेल तर तापलेल्या फरशीवर अनवाणी चालू नका. पाय भाजला तरी कळत नाही. रोजच्या गोळ्या हातातल्या पिशवीतच ठेवा, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी हवी.

मुंडण करताना ब्लेड नवं आहे ना, हे डोळ्यांनी पाहा. वापरलेल्या ब्लेडमधून हिपॅटायटिस बी आणि सी पसरतो. उंटाचं कच्चं दूध टाळा. मर्स या श्वसनाच्या आजाराचा विषाणू उंटांमध्ये आढळतो.

परतल्यावरही काळजी हवी. मार्च 2020 मध्ये आपल्याच सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूरला सौदीहून परतलेल्यांना कोरोना झाल्याचं निष्पन्न झालं. दोष त्यांचा नव्हता, विषाणू जगभर फिरत होता. परतल्यावर 14 दिवसांत ताप, खोकला आला तर मास्क लावून दवाखान्यात जा आणि प्रवासाचं आधी सांगा.