हळद, चुना आणि मेणबत्ती

रसायनशास्त्र म्हटले की सामान्य गृहस्थाच्या डोळ्यांपुढे काचेच्या नळ्या, उग्र वास आणि परीक्षेच्या आदल्या रात्री पाठ केलेली सूत्रे उभी राहतात. शाळेत या विषयाशी मुलाची गाठ पडते, तीही बहुधा अशाच वेषात. पाण्याविषयी कुतूहल वाटण्यापूर्वीच त्याला पाण्याचे सूत्र सांगितले जाते. आम्ल आणि अल्क यांच्या व्याख्या ते बिनचूक लिहून दाखविते. परंतु या व्याख्या स्वयंपाकघरातील चिंचेविषयी आणि मोरीवरील धुण्याच्या सोड्याविषयी बोलत आहेत, हे त्याच्या गावीही नसते. प्रश्न मनात उठण्याआधीच उत्तर हाती पडू लागले, की प्रश्न विचारण्याची सवयच सुटते. हे नुकसान प्रगतिपुस्तकात दिसत नाही, म्हणून ते लहान ठरत नाही.

या नुकसानीवरचा उपाय घरातच आहे आणि तो नवाही नाही. १८०६ साली जेन मार्सेट या बाईंनी इंग्लंडमध्ये रसायनशास्त्रावरील संवादांचे एक पुस्तक निनावी प्रसिद्ध केले. एक शिक्षिका आणि दोन मुली यांच्या गप्पांतून ते शास्त्र उलगडत जाते. पुढे लंडनमधील एका पुस्तकबांधणीच्या दुकानात हे पुस्तक एका उमेदवार मुलाच्या हाती आले. हा लोहाराचा मुलगा म्हणजेच मायकेल फॅरडे. त्याने ते नुसते वाचले नाही. आपल्याला परवडतील असे लहानसहान प्रयोग करून त्यातील विधाने खरी आहेत की नाहीत, हे पडताळून पाहिले. ही पडताळणीची वृत्ती हाच घरगुती शिक्षणाचा गाभा होय.

आरंभ हळदीपासून करावा. पांढऱ्या कपड्यावर हळदीचा डाग पडला आणि त्याला साबण लावला, की तो तांबडा होतो, हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक असते. मुलाला मात्र कारण लगेच सांगू नये. हळदीच्या पाण्यात बुडवून वाळविलेल्या कागदाच्या पट्ट्या त्याच्या हाती द्याव्यात आणि घरातील एकेका पदार्थाविषयी आधी अंदाज करावयास सांगावे. लिंबाचा रस, ताक आणि चिंचेचे पाणी यांनी पट्टी पिवळीच राहते. साबणाचे पाणी आणि धुण्याचा सोडा यांनी ती तांबूस होते. तांबूस झालेल्या पट्टीवर लिंबू पिळले, की पिवळा रंग परत येतो. दहा पदार्थ तपासून होईतो मुलाने स्वतःच दोन गट पाडलेले असतात. आता ‘आम्ल’ आणि ‘अल्क’ हे शब्द त्याला सांगावेत. वस्तूची ओळख आधी झाली, की नाव विसरत नाही. हळदीवर चुना किंवा टाकणखार यांची क्रिया घडवून कुंकू करण्याची जुनी रीत याच रंगबदलावर आधारलेली आहे, हे ऐकून तर त्याला देव्हाऱ्यातील करंडाही निराळा दिसू लागतो.

दुसरा खेळ चुन्याचा. पानाच्या डब्यातील चिमूटभर चुना मोठ्या माणसाने पाण्यात ढवळावा, गाळ खाली बसू द्यावा आणि वरची नितळ निवळी वेगळ्या पेल्यात काढून घ्यावी. या निवळीत कागदी नळीने हळूच श्वास सोडला, की ती दुधाळ होते. उच्छ्वासातील कार्बन डाय-ऑक्साइड वायू आणि विरलेला चुना यांचा संयोग होऊन खडूच्या जातीचा न विरघळणारा पदार्थ तयार होतो, म्हणून हा रंगबदल. भिंतीवर दिलेला चुना हवेतील तोच वायू घेऊन घट्ट होत जातो. पेला आणि भिंत यांच्यातील हे नाते मुलाने स्वतः शोधावे, एवढा अवसर त्याला द्यावा.

आता एका बाटलीत मेणबत्ती थोडा वेळ जळू द्यावी आणि ती विझल्यावर त्याच बाटलीत थोडी निवळी घालून हलवावी. निवळी पुन्हा दुधाळ! मेणबत्ती आणि माणूस एकच वायू बाहेर टाकतात, हे पाहून मूल क्षणभर स्तब्ध होते. फॅरडेने १८६०-६१ च्या नाताळात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांपुढे एका मेणबत्तीवर सहा व्याख्याने दिली. त्यांतील शेवटचे व्याख्यान याच साम्यापाशी येऊन ठेपते: शरीरातील श्वसन आणि ज्योतीचे ज्वलन या एकाच जातीच्या क्रिया आहेत.

मेणबत्तीचाच आणखी एक प्रयोग पुष्कळ घरांत व वर्गांत दाखविला जातो. ताटलीतील पाण्यात पेटती मेणबत्ती उभी करून तिच्यावर पेला पालथा घालतात. ज्योत विझते आणि पाणी पेल्यात चढते. हवेतील ऑक्सिजन संपला आणि त्याची जागा पाण्याने घेतली, असे त्याचे स्पष्टीकरण देण्याची प्रथा आहे. ते दिसावयास सुबक आहे, पण बरोबर नाही. मुलाला बारकाईने पाहावयास सांगितले, तर त्याला दिसते की पाणी मुख्यतः ज्योत विझल्यानंतर चढते. पेला घालताना कडेने हवेचे बुडबुडे बाहेर पडतात. आणि एकाऐवजी तीन मेणबत्त्या ठेवल्या तर पाणी अधिक चढते. पेल्यातील ऑक्सिजन तर तेवढाच होता! ज्योतीने तापून प्रसरण पावलेली हवा थंड होताना आकुंचन पावते, हे पाणी चढण्याचे मुख्य कारण आहे. शिवाय सगळा ऑक्सिजन संपण्यापूर्वीच ज्योत विझलेली असते.

ऑक्सिजनचे प्रमाण खरोखरच पाहावयाचे असेल, तर उंच पेला आतून ओला करून त्यात लोखंडाचा कीस चिकटवावा आणि तो पाण्यात पालथा घालून काही दिवस ठेवावा. कीस गंजत जातो, गंजताना ऑक्सिजन घेतो आणि पाणी सुमारे एक-पंचमांश उंचीपर्यंत चढते. हवेत ऑक्सिजन शेकडा २१ आहे, याची ही साक्ष. छापील उत्तरापेक्षा समोरची वस्तू अधिक प्रमाण मानावी, हा धडा एवढ्या स्वस्तात क्वचितच मिळतो.

पावसाळ्यातील दुपारी पत्त्यांचा डावही मांडता येतो. रशियन शास्त्रज्ञ मेंडेलीव्ह याने १८६९ साली त्या वेळी ज्ञात असलेली त्रेसष्ट मूलद्रव्ये एका कोष्टकात मांडली. पुढे त्याने काही जागा धीटपणे रिकाम्या सोडून तेथे येणाऱ्या द्रव्यांचे गुणही वर्तविले. १८७५ मध्ये गॅलियम, १८७९ मध्ये स्कँडियम आणि १८८६ मध्ये जर्मेनियम सापडले व ती भाकिते खरी ठरली. आज ११८ मूलद्रव्ये ज्ञात आहेत. त्यांपैकी पहिली वीस कार्डांवर लिहून, कुटुंबे लावून, एखादे कार्ड लपवावे आणि शेजाऱ्यांवरून हरवलेल्याचे गुण ओळखावयास सांगावे. पाठांतराचा कंटाळवाणा तक्ता येथे कोडे होऊन बसतो.

या खेळाला काही नियम मात्र हवेत. ज्योत आणि चुना यांच्याशी मुलाला एकटे सोडू नये. चुना डोळ्यात गेल्यास गंभीर इजा होते. प्रयोगातील कोणताही पदार्थ चाखू नये आणि निवळी नळीने ओढू नये. कपडे शुभ्र करण्याचे ब्लीच आणि संडास धुण्याचे आम्ल ही तर कधीही एकत्र करू नयेत. त्यातून क्लोरीन हा विषारी वायू निघतो. हे नियमही नुसत्या धाकाने न सांगता कारणासह सांगावेत, कारण सावधगिरी हादेखील या शास्त्राचाच भाग आहे.

यासाठी आईवडील रसायनशास्त्राचे पदवीधर असण्याची गरज नाही. मुलाच्या प्रश्नाला उत्तर ठाऊक नसेल, तर ‘चल, पाहू या’ एवढे म्हणण्याची तयारी पुरे. घरातील प्रत्येक मूल फॅरडे होणार नाही. परंतु कोणी सांगितले म्हणून नव्हे, तर स्वतः पाहिले, मोजले आणि ताडून घेतले म्हणून एखादी गोष्ट मानणारा माणूस समाजाला नेहमीच हवा असतो. हळदीच्या एका पट्टीवर त्याची घडण सुरू होऊ शकते.