गावाच्या पाण्याचा ताळेबंद

पाऊस मिलिमीटरमध्ये मोजतात, घागरीतले पाणी लिटरमध्ये. या दोहोंची सांगड घालता आली, की गावाचा विकास आराखडा सातवीतल्या मुलालाही वाचता येतो.

१ हेक्टरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १० हजार लिटर पाणी. नांदगाव खंडेश्वर तालुक्यातले एक गाव कल्पू या : शिवार १,००० हेक्टर, पाऊस ८०० मिलिमीटर, वस्ती २,०००. आकाशातून मिळाले ८०० कोटी लिटर. माणशी रोज ५५ लिटर धरले, तर घरगुती वापराला वर्षाकाठी लागतात सुमारे ४ कोटी. म्हणजे अवघा अर्धा टक्का! मग उन्हाळ्यात टंचाई का?

कारण बरेचसे पाणी पिकांतून व जमिनीतून हवेत जाते, काही नाल्यांतून वाहून जाते. खालचा बेसॉल्ट खडक फक्त भेगांत आणि झिजलेल्या थरांत पाणी साठवतो. या मर्यादित साठ्यावर सर्वांचीच भिस्त. १ हेक्टर हरभऱ्याला ५ सेंटिमीटरचे एक ओलित म्हणजे ५ लाख लिटर. गावाचा साडेचार दिवसांचा वापर!

म्हणूनच प्राधान्यक्रम हवा. १९९३ साली अमलात आलेल्या ७३व्या घटनादुरुस्तीने पिण्याचे पाणी, पाणलोट विकास, सामाजिक वनीकरण असे विषय पंचायतींकडे सोपवण्याची वाट मोकळी केली. आराखड्यावर चर्चा ग्रामसभेत होते. आधी पिण्याचे पाणी, मग उरलेल्यात पिके, हा क्रम तिथे आकड्यांनिशी मांडता येतो.

आपल्या गावाचे आकडे ग्रामपंचायतीतून मिळवा, वर्गात हिशेब करा आणि तो तक्ता ग्रामसभेत लावा.