वूफरला जाब विचारणारी पेटी

खर्जातला खोल आवाज हवा असेल तर पेटी मोठी हवी, ही धारणा जमिनीवर उभ्या राहणाऱ्या अवजड ध्वनिक्षेपकांच्या मुळाशी आहे आणि ती निराधार नाही. कारण लहान बंद पेटीत कोंडलेली हवा स्प्रिंगप्रमाणे वूफरच्या शंकूला रोखते आणि एका मर्यादेखाली आवाज झपाट्याने क्षीण होतो. नेदरलँड्समधील फिलिप्स कंपनीने 1970च्या दशकात बाजारात आणलेल्या ‘आरएच 532’ या ध्वनिक्षेपकाने मात्र ही अडचण सुमारे 15 लिटरच्या पेटीतच सोडवली. तो ‘अ‍ॅक्टिव्ह’ प्रकारचा, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर पेटीतच सामावलेला ध्वनिक्षेपक असून त्यात वूफरसाठी 40 वॅटचा आणि मध्यम व तार स्वरांसाठी 20 वॅटचा, असे दोन अ‍ॅम्प्लिफायर आहेत.

त्याचे खरे वैभव वूफरच्या मध्यभागी दडलेले आहे. ताण पडताच ज्यात विद्युत दाब निर्माण होतो अशा, म्हणजे दाबविद्युत, सिरॅमिकचा एक छोटा संवेदक तेथे शंकूसोबतच हलतो आणि शंकूचे त्वरण, म्हणजे वेगातील बदलाचा दर, मोजत राहतो. अ‍ॅम्प्लिफायरमधून बाहेर पडणारा संकेत मूळ संकेताशी ताडून फरक दुरुस्त करण्याची ‘निगेटिव्ह फीडबॅक’ ही युक्ती हॅरल्ड ब्लॅक यांनी 1927 मध्येच सुचवली होती. परंतु तिची हद्द एरवी अ‍ॅम्प्लिफायरपाशीच संपत असे आणि सर्वाधिक चुका करणारा शंकू तिच्या बाहेर राहत असे. फिलिप्सचे संशोधक क्लासेन आणि डी कोनिंग यांनी 1968 मध्ये मांडलेल्या ‘मोशनल फीडबॅक’ पद्धतीने शंकूलाही त्या वर्तुळात ओढले, आणि ध्वनीच्या इतिहासातील हे धाडस आजही थक्क करणारे आहे.

अर्थात निसर्गनियम त्यामुळे बदलत नाहीत. आवाजाची पातळी तीच ठेवून कंप्रता निम्मी केली तर शंकूला चौपट अंतर मागेपुढे जावे लागते. फीडबॅक हे अंतर अचूक करू शकतो, वूफरची पोहोच वाढवू शकत नाही. शिवाय वरच्या स्वरांत शंकू एकसंध हलत नाही आणि संवेदकाचा संकेत मूळ संकेताच्या मागे पडतो. तो पुरेसा मागे पडला की दुरुस्तीच चुकीला खतपाणी घालू लागते, म्हणून ही पद्धत खर्जापुरतीच राखलेली आहे.

जुन्या जोड्या दुरुस्त करताना हीच गुंतागुंत आड येते. वाळलेले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बदलता येतात, पण संवेदकाचा क्षीण संकेत पुढच्या मंडलासाठी योग्य करणारे इवलेसे मंडलही शंकूसोबतच थरथरत असते आणि त्याच्या बारीक तारांना प्रत्येक स्वराबरोबर हेलकावे बसतात. वूफर निकामी झाला तर त्याच आकाराचा साधा वूफर बसवून भागत नाही, कारण त्याला संवेदकच नसतो. आणि योग्य वूफर मिळूनही त्याच्या दोन तारांची अदलाबदल झाली तर फीडबॅक उलटा होऊन शंकू संगीताविनाच जोराने आदळू लागतो.