खापर क्वार्टरबॅकवर

रविवार, पहाटे ५.३०
कालचा सामना परक्या मैदानावर हरलो. बस मध्यरात्रीनंतर परतली, तरी व्हिडिओ विभागातल्या मुलांनी सगळा सामना कापून तयार ठेवलाय. प्रत्येक प्ले दोन कोनांतून: एक बाजूने, एक गोलपोस्टच्या मागून. अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातल्या एका विद्यापीठाच्या फुटबॉल संघात मी अ‍ॅनालिस्ट आहे. आमच्या ऑफेन्सची प्रत्येक चाल बघायची आणि नोंदवायची, हे माझं काम. कितवा डाउन, किती यार्ड हवे होते, बचाव कसा उभा होता, निघालं काय. हा फुटबॉल आपल्याकडचा नव्हे. इथं चेंडू बहुतेक वेळ हातात असतो. चार डाउनमध्ये, म्हणजे चार प्रयत्नांत, दहा यार्ड पुढं सरकलं की नवे चार डाउन मिळतात, नाहीतर चेंडू समोरच्यांकडे जातो.

७.००
नोंदी संपत आल्यात. फोनवर मात्र रात्रीपासून एकच घोष चाललाय: क्वार्टरबॅक बदला. चेंडू फेकणारा हा पोरगा वीस वर्षांचा आहे आणि त्याच्याविषयी लोक जे लिहितात ते मला वाचवत नाही.

नोंदी वेगळंच सांगतात. एखादी चाल यशस्वी धरायची तर पहिल्या डाउनला हव्या असलेल्या यार्डांपैकी ५० टक्के निघायला हवेत, दुसऱ्याला ७० टक्के, तिसऱ्या-चौथ्याला पूर्ण. आम्ही पहिल्यालाच अडकतो. चेंडू घेऊन धावणारा यार्ड-दीड यार्डात खाली येतो. मग दुसऱ्याला नऊ, तिसऱ्याला आठ. आठ यार्ड हवे असले की आम्ही चेंडू फेकणार हे स्टेडियममधल्या लहान मुलालाही कळतं, आणि बचावफळी धावेची काळजी सोडून सरळ क्वार्टरबॅकवर सुटते. तिसरा डाउन फसला म्हणून लोक ओरडतात, पण तो पहिल्या डाउनलाच फसलेला असतो.

९.००
ऑफेन्सच्या कोचांची बैठक. क्वार्टरबॅक बदलायचा का, इथूनच सुरुवात. बाहेरचा दबाव भिंतीतून आत येतोच. कुणीतरी आयोवा विद्यापीठाचं नाव काढलं. या धंद्यात ऑफेन्स आटला की ते नाव निघतंच. २०२२ मध्ये आयोवानं साउथ डकोटा स्टेटला ७-३ हरवलं, ते एक फील्ड गोल (तीन गुण) आणि दोन सेफ्टी (समोरच्याला त्याच्याच एंड झोनमध्ये पाडल्याचे प्रत्येकी दोन गुण) यांवर. म्हणजे सातातले चार गुण बचावानं मिळवलेले. पुढच्या वर्षी त्यांच्या ऑफेन्सच्या कोचच्या करारात सामन्याला सरासरी २५ गुणांची अट घातली गेली. मुख्य क्वार्टरबॅक सप्टेंबरअखेर गुडघ्यामुळे बाहेर, दोन चांगले टाइट एंडही (अडवणारे आणि पासही झेलणारे) जायबंदी, सरासरी पंधराच्या आसपास रेंगाळली. तरी बचावाच्या आणि लाथेनं चेंडू दूर धाडणाऱ्या पंटरच्या जोरावर संघानं दहा सामने जिंकले! अट घालून गुण येत नाहीत, हे तेव्हा सगळ्यांनी पाहिलं.

लाइनचे, म्हणजे क्वार्टरबॅकसमोर भिंत धरणाऱ्या पाच जणांचे कोच फार बोलत नाहीत. ते एवढंच म्हणाले, "गोलपोस्टमागची फिल्म लावा." लावली. बैठकीचा सूर बदलला.

दुपारी १२.३०
ट्रेनिंग रूम. आमचा सेंटर, लाइनच्या मधोमध उभा राहून चेंडू मागे देणारा, घोटा बर्फाच्या बादलीत बुडवून बसलाय. खेळेल.

२.००
खेळाडूंसोबत फिल्म. हंगामात एनसीएए या कॉलेज-खेळांच्या संघटनेच्या नियमानं आठवड्याला जास्तीत जास्त २० तास मिळतात, त्यातले तीन सामन्याच्या दिवशीचे धरले जातात. उरलेल्या सतरात मैदान, वजनं, बैठका सगळं बसवायचं.

कोचांनी एकच प्ले पुन्हा पुन्हा दाखवला. तिसरा डाउन, आठ यार्ड हवेत. समोरचा आतला माणूस सेंटरशेजारच्या आमच्या डाव्या गार्डला सोडून बाहेर, त्याच्या पलीकडच्या डाव्या टॅकलच्या अंगावर घुसतो. त्याच क्षणी त्यांचा कडेचा माणूस त्याच्या मागून वळसा घालून आत येतो. याला ट्विस्ट म्हणतात. इथं टॅकलनं आतल्याला ताब्यात घ्यायचं आणि गार्डनं त्याला सोडून परत आत वळायचं. आमचा गार्ड सोडतो, पण अर्धं पाऊल उशिरा. त्याचा डावा हात अजून त्या माणसाच्या खांद्यावर आहे आणि उजवीकडे दार सताड उघडं. पलीकडे आमचा रिसीव्हर वळून मोकळा होतोय. क्वार्टरबॅकनं त्याला पाहिलंय, हात मागे गेलाय. चेंडू सुटण्याआधीच तो आडवा.

टीव्हीचा कॅमेरा चेंडूमागे फिरतो, म्हणून घराघरात दिसला तो फक्त आडवा झालेला पोरगा.

गार्ड मान खाली घालून बसला होता. दोष त्याचा एकट्याचा नाही. लाइनमधले तिघे याच वर्षी ट्रान्सफर पोर्टलमधून, म्हणजे कॉलेज बदलून आलेत, तिघं तीन कॉलेजांतून. एकाच चालीला प्रत्येकाच्या जुन्या संघात वेगळं नाव आणि वेगळं पाऊल. त्यात दुखापती, म्हणून दर शनिवारी नवीच पाच जणांची जोडणी उभी राहते.

४.३०
मैदानावर पॅडशिवाय हलका सराव. परक्या मैदानात गोंगाटामुळे क्वार्टरबॅकचा आवाज पोचत नाही. हेल्मेटमधल्या रेडिओवर कोचचा आवाज येतो, तोही प्ले क्लॉकवर १५ सेकंद उरले की बंद. म्हणून गार्ड मागे बघतो, सेंटरला हलकेच थापटतो, सेंटर मान उचलतो आणि मग चेंडू मागे देतो. चेंडू मागे जाताच पाचही जण एकदम सुटायला हवेत. आज पुन:पुन्हा तेवढंच केलं.

रात्री ८.३०
तिकडं कोल्हापुरात सोमवारची सकाळ. अण्णांचा फोन.

"काय रं, पुन्हा हरलासा?"

"व्हय अण्णा."

"मग ते चेंडू फेकणारं पोरगं बदला की."

अण्णा तालमीकडून कबड्डी खेळलेले. मी म्हटलं, साखळी धरलीय, चढाईवाला आत आलाय आणि एकानं अर्धं पाऊल उशीर केला, तर काय होतं? ते लगेच म्हणाले, "हात सुटला की गेला तो रेषेवर." थोडं थांबून त्यांनी विचारलं, "तुमची साखळी एकत्र खेळलीय किती?"

दिवसभरातला सगळ्यात नेमका प्रश्न हाच होता.

१०.००
पुढच्या प्रतिस्पर्ध्याची फिल्म. त्यांचा बचावही ट्विस्ट करतो, बहुधा तिसऱ्या डाउनला. लाइनच्या कोचांसोबत बसून ठरलं: या आठवड्यात पाच जणांची जोडणी बदलायची नाही. मंगळवारी पहिल्या डाउनच्या धावेच्या चाली दोनच ठेवायच्या आणि त्या याच पाचांनी सगळ्या वेळ करायच्या. पहिल्या डाउनला काही छोटे, झटकन सुटणारे पासही घालायचे. क्वार्टरबॅक तोच. उद्या मुलांना सुट्टी आहे. चालींची यादी मी सकाळी छापून ठेवीन.