‘झाले’ आणि ‘केले’ : कटकारस्थानाच्या चित्रपटांचे व्याकरण

कटकारस्थान, त्यावर घातलेले पांघरूण आणि ते दूर सारणारा मनुष्य या तिहींवर उभारलेल्या चित्रपटांचा विचार सामान्यतः राजकारणाच्या वा नीतीच्या अंगाने होतो. प्रस्तुत लेखात तो व्याकरणाच्या अंगाने करावयाचा आहे. हा मार्ग आडवळणाचा वाटण्याचा संभव आहे. परंतु एखादे कृत्य दडपणे म्हणजे प्रथमतः वाक्यातून कर्ता नाहीसा करणे, आणि ते उघडकीस आणणे म्हणजे त्या कर्त्यास वाक्यात परत आणून बसविणे होय, हे ध्यानात घेतले म्हणजे अशा चित्रपटांची रचना अधिक स्पष्ट होते.

मराठीत मरणे-मारणे, फुटणे-फोडणे, तुटणे-तोडणे अशा क्रियापदांच्या जोड्या आहेत. त्यांतील पहिले रूप केवळ घटना सांगते. दुसरे रूप ‘कोणी?’ हा प्रश्न अटळ करते. याही पुढे ‘करविणे’ हे प्रयोजक रूप येते. त्यात करणारा हात एकाचा व करविणारी इच्छा दुसऱ्याची असते. अखेरीस ‘होऊ देणे’ येते. त्यात हात कोणाचाच दिसत नाही, पण अडविण्याचे सामर्थ्य असून न अडविणारा एक जण असतो. ‘आम्ही चूक केली’ आणि ‘आमच्याकडून चूक झाली’ या दोन वाक्यांतील अंतर तर कोणाही मराठी भाषकास शिकवावे लागत नाही.

या दृष्टीने १९७४ सालचा ‘सामना’ पाहावा. विजय तेंडुलकर यांनी लिहिलेला व जब्बार पटेल यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट १९७५ साली बर्लिनच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवातही दाखविला गेला. साखर कारखान्याच्या बळावर परिसरावर सत्ता गाजविणारा हिंदूराव धोंडे पाटील आणि त्याच्या आश्रयास आलेला एक व्यसनी, वृद्ध मास्तर यांच्यातील हा सामना होय. मास्तराचे शस्त्र एकच आहे : मारुती कांबळे या माणसाचे पुढे काय झाले, ही पृच्छा. या पृच्छेत ‘होणे’ हेच क्रियापद आहे, ही गोष्ट लक्षणीय होय. मास्तर कोणावरही आरोप करीत नाही. तो दडपणाऱ्यांचेच अकर्मक रूप उचलतो आणि पुनःपुन्हा उच्चारून त्यातील रिकामी जागा सर्वांस दाखवितो. ती जागा भरावयाची पाळी अखेर हिंदूरावावर येते.

अरुण साधू यांच्या कादंबऱ्यांवर आधारलेल्या ‘सिंहासन’ (१९७९) या चित्रपटात स्थिती निराळी आहे. तेथे दिगू टिपणीस या पत्रकारास सारे कर्ते ठाऊक आहेत; मंत्रिमंडळ उलथविण्याचे डावपेच त्याच्या डोळ्यांदेखत शिजतात. तथापि जे ठाऊक आहे ते उच्चारून काही पालटेल, हा विश्वासच उरत नाही आणि शेवटी त्याच्या मनाचा तोल ढळतो. कुंदन शहा यांच्या ‘जाने भी दो यारो’ (१९८३) या हिंदी चित्रपटात तिसरा प्रकार आढळतो. दोन गरीब छायाचित्रकारांच्या हाती खुनाचा पुरावा लागतो. परंतु अखेर पूल कोसळल्याच्या अपराधाबद्दल तुरुंगात जातात ते हेच दोघे. येथे कर्ता गाळलेला नाही. त्याच्या जागी दुसराच बसविला आहे. कर्ता गाळणे, कर्ता न उच्चारणे आणि कर्ता बदलणे, असे दडपण्याचे हे तीन प्रकार होत.

हा विचार पडद्यापुरता मर्यादित नाही. पालघर जिल्ह्यातील कुंभवली हे गाव तारापूर औद्योगिक वसाहतीस लागून आहे. ११ जानेवारी २०२० रोजी या वसाहतीतील एका कारखान्यात स्फोट होऊन अनेक जण मृत्युमुखी पडले. अशा प्रसंगी पहिल्या दिवशी ‘स्फोट झाला’ असेच म्हणणे प्रामाणिकपणाचे असते, कारण कारण अज्ञात असते. प्रत्येक ‘झाले’ म्हणजे पांघरूण नव्हे. चौकशीनंतरही वाक्य तेथेच थांबले, तरच शंकेस जागा राहते.

याच परिसरातील दुसरा शब्द ‘सांडपाणी’. ‘सांडणे’ हे क्रियापद उभयविध आहे : दूध सांडते आणि कोणी ते सांडतोही. त्यामुळे पाणी आपोआप वाहिले की कोणी सोडले, हे या शब्दावरून कळत नाही. तारापूरच्या सांडपाण्याविषयी अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने २०१६ साली राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली. मासेमारीवर जगणाऱ्या समाजाने या संदिग्ध शब्दास कर्ता मागितला, असे म्हणावयास हरकत नाही. पुढे लवादाने नेमलेल्या समितीस कारखानानिहाय जबाबदारी ठरवावी लागली.

असा कर्ता मागणाऱ्यास इंग्रजीत ‘व्हिसल ब्लोअर’, म्हणजे शिटी फुंकणारा, म्हणतात. मराठी वृत्तपत्रांनी त्यासाठी ‘जागल्या’ हा शब्द योजिला आहे. जुन्या गावगाड्यात रात्री राखण करणारा तो जागल्या. दोन्ही प्रतिमांतील भेद मार्मिक आहे. खेळातील पंचाने शिटी फुंकली की खेळ थांबतो, कारण पंचास अधिकार असतो. जागल्यास तसा अधिकार नाही. तो केवळ हाक देतो. ती ऐकून गाव उठले नाही, तर तो एकटा पडतो. जमीनव्यवहारांतील गैरप्रकार उजेडात आणणारे माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टी यांचा १३ जानेवारी २०१० रोजी तळेगाव दाभाडे येथे खून झाला. ‘कोणी केला?’ या प्रश्नास दशकभराच्या तपासानंतरही न्यायालयात सिद्ध झालेले उत्तर लाभले नाही. अशा व्यक्तींच्या संरक्षणाचा कायदा संसदेने २०१४ साली संमत केला. परंतु तो अंमलात आणणारी अधिसूचना पुढील दहा वर्षांत निघाली नाही. या शेवटच्या वाक्यात ‘निघाली नाही’ असे अकर्मक क्रियापद आहे, हे वाचकांच्या लक्षात आलेच असेल. ती कोणी काढावयाची होती, हे विचारणे एकट्या जागल्याचे काम नव्हे.